विषाची परीक्षा

झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत
हरप्रसाद आणून देतो खाणीतले विंचू,
घाटीगावकडचे. आज सतरा.
एकीच्या पाठीवर पांढुरकं बिऱ्हाड,
तिला मी बाजूला ठेवते, नंबर लावत नाही.

बाकीच्यांच्या शेपटीला चिमटा,
चिमट्याला बारा व्होल्ट,
आणि नांगीच्या टोकाशी थेंब,
मोहरीएवढाही नाही.

विषाची परीक्षा कोणी घ्यावी, आई म्हणायची.
शेजाऱ्यांच्या भांडणात पडू नको,
एवढाच तिचा अर्थ.
मी ती घेते, महिन्याच्या पगारावर.

माधवगंजात श्रीरंगमामा
पाय उशीवर टाकून बसलेत.
टाचेच्या जखमेला सातवा महिना.
गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवण्यात हयात गेली,
म्हणून रिपोर्टातही आधी अक्षर बघतात.
अठरा औषधं, अठरांपुढे एकच अक्षर.
"छपाई सुबक आहे.
पण हा आर म्हणजे काय? राहू दे?"
मी म्हटलं, तसंच काहीसं.

त्यांच्याच जखमेतले जंतू
माझ्या ताटलीत दाट उगवले होते.
वर सोडला विषातून वेचलेला एक तुकडा,
चोवीस मण्यांचा.
तो कुलूप बघत नाही, किल्ली शोधत नाही,
सरळ भिंत फोडतो.
सकाळी त्याच्याभोवती खळं पडलेलं,
चंद्राला पडतं तसं, स्वच्छ.

शेजारच्या नळीत माझं रक्त.
तळाशी बसायला हवं होतं,
ते नळीभर लाल पसरलं.
भिंत कोणाची, हे त्याला कळत नाही.

म्हणून नववा मणी बदलला. मग तेरावा.
मग नववा पुन्हा पहिल्यासारखा.
रक्त वाचलं तेव्हा खळं गेलं,
खळं आलं तेव्हा रक्त.

"मग लाव की," मामा म्हणाले,
"फार तर काय, विंचू चावेल."
मी पट्टी बांधत राहिले.
उंदीर, ससे, परवानग्या, वर्षं,
यातलं काही त्यांच्या टाचेला सांगता येत नव्हतं.

नळ्यांच्या कोऱ्या चिठ्ठ्या मात्र
त्यांच्यापुढे ठेवल्या. बारीक ब्रश, काळा रंग.
हात कापत होता, आकडा नाही.
एकेचाळीस.
सवयीनं त्याच्याआधी एम.पी. ०७ लिहून गेले.
मी पुसलं नाही.

ती नळी उद्या सकाळी बघायची आहे.