पांघरूण

पेइप्सी तळ्याच्या काठी जूनच्या पहिल्या आठवड्यात
रात्र पुरती काळी होतच नाही.
तरी झिनोव्या वर बघून म्हणाली,
आज ढग नाहीत. आज हे सगळं नेणार.

हे म्हणजे आभाळ.
थंडी येते असं ती कधी म्हणत नाही.
थंडी कुठून यायचीय?
जाते ती ऊब,
दिवसभर वाफ्यांनी पोटात धरलेली,
न बोलता, वर,
जिथून परत काही पाठवणारं कुणी नाही.

दुपारीच तिनं माती भिजवून ठेवली.
मग कुंपणापाशी गेली आणि हाक मारली.
अकरा वर्षांचा अबोला,
पण चाळीस मीटर कापड एकटीनं पसरत नाही.

येफ्रेमनं एक टोक धरलं.
काकडीच्या कोवळ्या वेलांवर पांढरं कापड उतरलं,
चौरस मीटरला सतरा ग्रॅम.
कडेला दगड, होडीची जुनी वल्ही, एक फुटकी बादली.

"ह्यातून तर पलीकडचं दिसतं," तो म्हणाला.
खरंच होतं. मातीची ऊबही त्यातून पलीकडे बघते.
थोडी अडते, बाकीची निघून जाते.
अडलेल्यातली काही कापड खाली परत देतं,
काही स्वतःच वर उधळतं.
मध्यस्थाचा हात कधी कोरडा राहतो?

अडीच वाजता दोघं टॉर्च घेऊन आले.
कापड ओलं होऊन
आतल्या अंगानं गोठत होतं,
बारीक, मिठासारखं.
टिचकी मारली तर वाजेल इतकं ताठ.
तो झटकायला वाकला.
"राहू दे. आत्ता कुठं ते दाट झालंय."

गवतावर उणे दोन.
आत, पानापाशी, अधिक दीड.
तिनं दोन बोटांनी क्रूस केला
आणि तिथंच उभी राहिली, कारण नसताना.
डोक्यावरच्या रुमालातून ऊब चालली होती सरळ वर.
फक्त येफ्रेमच्या बाजूचा गाल
दुसऱ्या गालाहून जरा कमी गार होता.
हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

सकाळी कापड काढलं.
जी पानं त्याला टेकली होती ती काळी पडली होती,
मोजून नऊ.
"टेकू द्यायचं नव्हतं," येफ्रेम म्हणाला.
"बोटभर फट लागते."
"वेताच्या कमानी आहेत माझ्याकडे," ती म्हणाली,
"माळ्यावर."

मग ओल्या कापडाची घडी:
टोकाला टोक, जवळ,
पुन्हा लांब, पुन्हा जवळ.
पाणी दोघांच्या बुटांत.