पन्नास सायकलचं मिरज

श्रीपाल मगदूम म्हणतो, सदुसष्ट.
त्यापुढं बोलायचंच नाही म्हणतो,
आणि मग तासभर बोलतो.
शांतवनचं एकोणसत्तर. तो बोलत नाही,
दोन बोटांनी टेबलावर ड्रम वाजवतो
कपातला चहा बशीत सांडेपर्यंत.
अडुसष्टच्या बाजूनं मी एकटा,
तेही कुणीतरी असावं म्हणून.

एक बायपास, तीन मोतीबिंदू,
आणि मिरजेच्या स्टेशन रोडवर
रॉकचं खरं साल कुठलं
हा खटला अजून बोर्डावर.

मिशन हॉस्पिटलच्या बंगल्यात तेव्हा
डॉक्टरांचा पोरगा सुट्टीला यायचा कोडाईकनालहून,
केस कॉलरवर, पायात कापशी चपला.
शांतवनचे वडील तिथं कंपाउंडर,
म्हणून आम्ही मागच्या दारानं.
तबकडी बाहेर निघायच्या आधी
श्रीपाल तिचं कव्हर हुंगायचा.
अमेरिकेला नव्या वहीचा वास येतो म्हणायचा.
मग सुई टेकायची
आणि पेरूच्या झाडावरचे पोपट
एकदम गप्प.

सदुसष्टची सगळ्यात नावाजलेली
बोटीनं आली, डिसेंबरात.
अजून सुईसुद्धा लागली नव्हती,
पहाटे कोयनेनं जमीन हलवली
आणि कपाटावरून पडून तिचा काठ उडाला.
तिकडं माणसं गेली, गावं गेली.
आम्ही एका गाण्यासाठी हळहळलो,
हे आजही मोठ्यानं सांगवत नाही.
पहिलं गाणं गेलं ते गेलंच.
श्रीपालच्या मते तेच सगळ्यात भारी होतं.

पोराच्या सतारीची खुंटी सरकायची
म्हणून दस्तगीर शिकलगारला बोलावणं गेलं.
तो दारातच थांबला,
खांद्यावर हत्यारांची पिशवी,
कान जरासा तिरका.
म्हणाला, ह्याचा सा खाली बसलाय की.
माणूस आजारी आहे काय?
आम्ही हसून हसून लोळलो.
दस्तगीरनं खुंटीला खडू लावला,
अडीच रुपये घेतले, गेला.

एकाहत्तरला मी वीज मंडळात लागलो.
ट्रेनिंगला दुसऱ्या आठवड्यात
फळ्यावर दोन आकडे लिहिले साहेबांनी:
तिकडं साठ सायकल, इकडं पन्नास.
तिकडची मोटर इकडच्या तारेवर
सहातला एक फेरा खाते.
मी वही मिटली.
तीन मिनिटांचं गाणं
आमच्याकडं तीन मिनिटं छत्तीस सेकंद चालायचं.
सगळे गायक तीन घरं खाली,
सगळ्या गिटारी गुळाच्या पाकातून यायच्या,
आणि आम्ही ज्याला दुःख म्हणायचो
त्यातलं निम्मं कृष्णा खोऱ्यातल्या विजेचं.

हे चाळीस वर्षं कुणाला बोललो नाही.
गेल्या दिवाळीत नातवानं मोबाइलवर
तेच गाणं लावून श्रीपालच्या कानात घातलं.
आवाज बारीक, घाईतला,
शेवटची एसटी पकडायला निघालेला.
श्रीपालनं बोंडं काढून ठेवलं.
हा तो नव्हे, म्हणाला.
तेव्हा सांगितलं सगळं.
शांतवनची बोटं टेबलावर थांबली.
म्हणजे बारा महिन्यांचं साल
आपल्याला चौदा महिने पुरलं? एवढंच विचारलं त्यानं.

मग आम्ही सतारमेकर गल्लीत गेलो.
दस्तगीर आता ऐंशीच्या पुढं, दिसत कमी.
विचारलं, मामू, तीनांतलं चांगलं साल कुठलं?
त्यानं विचारसुद्धा केला नाही.
सदुसष्टचे भोपळे माळ्यावरून पडून तडकले, म्हणाला.
एकोणसत्तरला कीड लागली.
अडुसष्टचे वाळले बघा, ताशासारखे.
एक ठेवलाय अजून, कापायचा धीर होत नाही.

मी जिंकलो होतो.
चहाचे पैसे तरीही मलाच द्यावे लागले, ते वेगळं.

आढ्याला शिंक्यात तो भोपळा,
वर धुरकट, पोटाशी मधासारखा पिवळा.
दस्तगीरनं चाचपडत नखानं टिचकी मारली.
आवाज खालून आला, सावकाश,
आणि बराच वेळ जाईना.

श्रीपालनं डोळे मिटले,
मान हलवली,
म्हणाला, हे सदुसष्ट.