काटा

पहिली उभी.
धर्मीबाईचा चेहरा, कानातली जड वेढी,
मागचं मरोळ सगळं धूसर.
सर म्हणाले, वा, कॅरॅक्टर आहे.
मलाही तसंच वाटलं होतं.

दुसरी आडवी. मेट्रोचा खांब आत आला,
बोंबलांचे ढीग, निळी ताडपत्री,
आणि बाई
कोपऱ्यात छापलेल्या तारखेएवढी.

तिसरीत नुसते हात. मीठ
नखांच्या कडेनं पांढरं.
ही मोठी करून भिंतीला लावली.
आईनं विचारलं, कुणाचे गं?
नाव सांगायला
फोटोबाहेर जावं लागलं.

चौथी चुकून.
पट्टा बोटात अडकला, बाजार कलला,
गिऱ्हाइकाचं कोपर मध्येच घुसलं.
पुसायची राहून गेली.

पुढच्या शनिवारी चारही घेऊन गेले.
मिठाचं बोट लागू नये म्हणून
धर्मीबाईनं पदरात धरून पाहिल्या.
स्वतःच्या चेहऱ्यावरून पुढे गेली,
हातांवरूनही.
चौथीवर थांबली.
"ही दे. हिच्यात काटा मधी हाय."

होता खरा. अख्खा फोटो तिरका,
काटा दांडीच्या बरोब्बर मध्यात.
मी पाहिलाच नव्हता.

तिनं तो तराजूमागच्या खिळ्याला टोचला,
आणि मला कागदात
मूठभर जवळा बांधून दिला,
न मोजता.