वजनकाटा, सावदा

रात्री दोनला केळीचा ट्रक काट्यावर चढतो
आणि केबिनमधला माझा चहा ग्लासात थरथरतो.
आकडे पळतात, थांबतात,
मग पन्नासनं घसरतात :
क्लीनर आत्ता उतरला. झोपेतच.
चप्पल वरच राहिली.

लिहायचं म्हणून एकदा रजा टाकली होती.
वही नवी, पेन नवं, पालचं विश्रामगृह,
खिडकीत अख्खा सातपुडा.
तीन दिवसांत 'डोंगर' हा शब्द
अकरा वेळा खोडला.

इथं पावतीच्या पाठीवर जमतं.
खाली कार्बन राहून जातो कधी,
मग अर्धी ओळ मालासोबत
कानपूरला गेलेली असते.

काल रमजान तडवी घडांखाली पाला अंथरत म्हणाला,
"मायनं लेकरं निजवली ना, तसं रचा लागतं भाऊ,
एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी."
मी पेन उचललं.
"काय लिवू राह्यला?"
"वजन."
अगदीच खोटं नव्हतं ते.

भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली
की माल उरतो, एवढंच मला शिकवलंय.
पण दहा किलोखालचं काट्याला दिसत नाही.
कागदात बांधलेलं भरीत,
सदऱ्यावर वाळून काळा झालेला चीक,
बायकोशी फोनवर भांडून
ड्रायव्हर गप्प बसलाय, ते.
आणि ती चप्पल.

हॉर्न.
पुढची गाडी रावेरहून. चहा पुन्हा
थरथरायला लागलाय.