फ्यूज तात्यांच्या खिशात

रविवारी सकाळी लाईट असते,
म्हणून आधी मोटर बंद, मग फ्यूज काढायचा
आणि तो हिंदुराव तात्यांच्या खिशात,
तंबाखूच्या पिशवीशेजारी.
एवढं झाल्याशिवाय मी पाण्यात पाय घालत नाही.

मणेराजुरीची ही विहीर तात्यांच्या मापानं सहा परस,
माझ्या वहीत अकरा मीटर.
तिसऱ्या मीटरखाली मी जात नाही.
खाली फुटव्हॉल्व्ह आहे, जुनी केबल आहे,
आणि तात्या शपथेवर सांगतात, एक तांब्याचा हंडा,
जो त्यांच्या गळाला कधीच लागला नाही.

कार्ड मिळून तीन वर्षं झाली.
कार्डावर मी हसते आहे, केस ओले,
मागं तारकर्लीचा किनारा.
पहिलं वर्षभर ते पाकिटात घेऊन फिरले,
दुकानात गिऱ्हाइकाला औषधाची मात्रा सांगताना
मधेच काढून दाखवलं.
पाण्यात मात्र गेले नाही.

मग गेले.
नऊ मीटरवर मास्कमध्ये घोटभर पाणी शिरलं.
घोटभरच.
वरची कड दाबायची, मान वर, नाकानं सावकाश फुंकायचं:
परीक्षेत हे लिहिलं होतं मी, पैकीच्या पैकी मार्क.
हातांना त्यातलं काही आठवेना.
हात वर धावले, पाय वर धावले.
इनास मास्तरांनी मनगट धरलं
आणि माझ्यासमोर स्वतःचा श्वास सोडून दाखवला,
पुन्हा सोडून दाखवला,
बाळाला भरवताना आपणच तोंड उघडतो ना, तसा.
बोटीत एवढंच म्हणाले,
"विसारलंस गो बाय."

तेव्हापासून रविवार.
सिलिंडर महिन्यातून एकदा भरून येतो,
मालवणला द्राक्षं पोचवून परतणाऱ्या टेम्पोत.
बाकीचे रविवार नुसता मास्क, स्नॉर्केल आणि पायऱ्या.
पाण्याखालच्या पाचव्या पायरीवर गुडघे टेकायचे.
मास्क भरायचा, रिकामा करायचा. भरायचा.
सिलिंडर असला की रेग्युलेटर तोंडातून सोडून द्यायचं,
उजवा खांदा खाली, हात मांडीला घासत मागं,
मग मोठा फेर,
की नळी आपसूक कोपरात येते.
तोवर ओठांतून बारीक बुडबुडे.
श्वास कोंडायचा नाही. कधीच नाही.
शेवटी तरंगणं,
कपारीतल्या एका शेवाळलेल्या दगडासमोर.
श्वास घेतला की दगड खाली जातो,
सोडला की वर येतो.
चार श्वास तो जवळजवळ जागेवर राहिला,
हा माझा आजवरचा विक्रम.

तात्या म्हणाले, "पवायला येतंय की तुला.
दर आयतवारी त्येच त्ये काय करतीस?"
मी म्हटलं, मोट जाऊन चाळीस वर्षं झाली,
तुम्ही दर पाडव्याला सोल का तपासता?
तात्या काही बोलले नाहीत.
मांडीवरच्या सोलाचा पीळ उलगडून
त्यांनी आत नख घालून बघितलं.

त्यांना मी खुणा शिकवल्या आहेत.
'ठीक'ची खूण लगेच जमली,
चिमटीत चुना धरल्यासारखी.
गळ्यावर आडवा हात, म्हणजे हवा संपली,
ही ते करत नाहीत. अभद्र म्हणतात.
आणि अंगठा म्हणजे 'वर चला',
हे काही केल्या डोक्यात बसत नाही.
त्यांच्या लेखी अंगठा म्हणजे शाबास.

आज मास्क पूर्ण काढला.
डोळे मिटून तीस मोजले,
गार पाणी नाकाशी येऊन थांबलं होतं.
पुन्हा लावला, फुंकला, डोळे उघडले
तर वर हिरवट गोल उजेडात
वाकलेले तात्या,
आणि त्यांचा अंगठा.

सिलिंडरमध्ये अजून ऐंशी बार होते.
दगड वाट बघत होता.
पण अंगठा दिसला की का विचारायचं नाही,
नियम म्हणजे नियम.
मी माझा अंगठा वर केला
आणि माझ्याच बुडबुड्यांना पुढं जाऊ देत
सावकाश निघाले.