त्रेचाळीस नंबर

बेदाण्याच्या शेडमध्ये एकोणीस वर्षं
मी हजेरी मांडतोय.
तासगावचा उन्हाळा, गंधकाचा वास,
बेचाळीस बायांची बेचाळीस ताटं.
काडी वेगळी, डागी वेगळा, काळा वेगळा,
बोटं चालायची तशी तोंडंही चालायची:
कुणाची सून, कुणाचा बचत गट,
कुणाची म्हैस आटलेली.

पाडव्यानंतर मशीन आलं.
हार घातला, नारळ फोडला,
खोबरं बायांनीच वाटून खाल्लं.

खोटं कशाला बोलू, मशीन चांगलं आहे.
दाणा वरून पडतो, पडता पडता
कॅमेरा त्याला बघतो
आणि वाईट असला तर एक फुंकर.
पोराच्या डोळ्यातलं कुसळ काढताना
आई मारते, तेवढीच.

बेचाळीस जणींचा दिवस
दुपारच्या चहाआधी उरकतो.
आणि हौसाबाई लोंढेचा मणका सरकला
तो ह्याच ताटापुढे बसून.
इंदू मगदूम तर म्हणालीच,
'माझ्या पोरीनं हे करू नये म्हणून मी केलं.'
तेव्हा मशीनवर पहिला दगड कुणी टाकावा
मला सांगता येणार नाही.

मालक म्हणाले, सहा जणी ठेवा.
मी छत्तीस नावांवर रेघा मारल्या.
पट्टी धरली होती,
तरी वाकड्या आल्या.

शनिवारी, पगाराला,
सहांच्या मागोमाग छत्तीसही आल्या.
भांडायला नाही. आल्या, दाराशी टेकल्या.
जैनब मुलाणीनं हजेरीबुक ओढलं,
चष्मा घरी राहिलेला, बोटानं वाचत गेली.
'दिवाणजी, ही रोज येती का कामाला?'
कोण?
'ही.' तिनं हनुवटीनं मशीन दाखवलं.
येतं की.
'मग मांडा हिची हजेरी.'

हसण्यावारी नेत मी लिहिलं,
त्रेचाळीस. मशीन. सोमवार हजर. मंगळवार हजर.
'खाडा?'
नाही.
'हिला भाकरी लागत न्हाई,
पोराची फी भरायची न्हाई.
मग हिचा पगार कुणाच्या घरी जातो?'

बँकेत जातो, मी म्हणालो. हप्ता आहे.
'किती वर्सं?'
पाच.
'आन् सहाव्या वर्सी?'

पंखा फिरत होता.
मालकांनी न वाजलेला फोन कानाला लावला.

हा हिशेब कुठल्या कचेरीत मांडायचा
मला ठाऊक नाही. मी साधा हजेरीवाला,
आणि दिवाळीपर्यंत अंगठ्याचं यंत्र बसणार
असं माझ्याही कानावर आहे.
पण त्रेचाळीसपुढच्या रकान्यात
मी शून्य घातलं नाही, रेघही मारली नाही.
कोरा ठेवलाय.

येत्या शनिवारी त्या परत येणार आहेत,
म्हणाल्यात,
येताना ताटं घेऊन येतो.