फुंकर

विट्यात एसटी स्टँडच्या मागं
इलाही मुल्लाचं दुकान. पुढं रेडिओ दुरुस्ती,
मागं गोणपाटाच्या पडद्याआड दोन टीव्ही,
त्यातला एक नुसताच हिरवा दिसायचा.
रुपयाला दहा मिनिटं.
घड्याळ इलाहीच्या मनगटावर,
आणि ते पुढं पळतं
असं आमचं सगळ्यांचं म्हणणं.

कॅसेट लागली नाही की
शहाजी ती उपसून काढायचा,
ओठांजवळ आडवी धरायचा
आणि फुंकायचा.
मी फुंकलं तर काही व्हायचं नाही.
"थुकतोयस लेका," म्हणायचा, "फुंकर येगळी."
मग यायचे रणगाडे, विटांच्या भिंती,
तळाशी आमचं ठाणं, दोघांनी राखायचं.
एकदा माझ्याच गोळीनं ते उडालं,
तर दोन दिवस बोलला नाही.

कॅसेटवर लिहिलेलं: नऊ लाख नव्याण्णव हजार खेळ.
होते सात.
फिरून फिरून तेच, आभाळाचा रंग तेवढा बदललेला.
आम्ही ते सगळे नऊ लाख
खेळून संपवणार होतो.

शहाजीचा आकडा चार लाख बारा हजार सहाशे.
लाईट गेली की मशीन विसरायचं,
आणि लाईट तर जायचीच.
म्हणून इलाहीनं काडी बुडवून, लाल ऑइलपेंटनं,
तो शटरच्या आतल्या अंगाला लिहिला.
शटर खाली ओढलं
आणि तुम्ही आत असलात
तरच दिसणार.

आठवीच्या सहामाहीनंतर
मामा त्याला कोइमतूरला घेऊन गेला, गलाईच्या दुकानात.
आमच्याकडं पोरं अशीच जातात.
बाक रिकामं दिसलं तर मास्तर विचारत नाहीत,
हजेरीत नावापुढं गाव लिहितात:
सेलम. बरेली. गुवाहाटी.
मी राहिलो. आता बारा माग सांभाळतो,
खटखटीत काही ऐकू येत नाही,
म्हणून फोन रात्रीच घेतो.

गेल्या महिन्यात त्याचा आला.
दागिने कमी येतात गाळायला, म्हणाला,
पोत्यानं येतात मोडके कॉम्प्युटर, मोबाईल,
हिरव्या पाट्या; त्यांच्या कडांना सोन्याचा वर्ख.
तेजाबात टाकायचं, गाळायचं, मुशीत आटवायचं.
पोतंभर पाट्यांचं निघतं ते
करंगळीच्या नखावर मावतं.

"आज पोत्यात कॅसेट आली रं.
पिवळी. वरचं चित्र खरवडलेलं."
"मग?"
"मग काय. हातात घेतली आन् फुंकली.
कामाची पोरं बघत हुती.
मालकाला काय झालं म्हनून."
मागं भट्टीचा पंखा घरघरत होता.
"टाकलीस?"
"गिऱ्हाइकाचा माल. वजन करून दिलेला."
"किती निघालं तिचं?"
"येगळं कसं कळंल? सगळ्यात मिसळलं."
मग बराच वेळ पंखाच.
मग: "शटर हाय का रं अजून?"

गेलो बघायला.
इलाही नाही, त्याची धाकटी रुबीना आहे,
मोबाईलची कव्हरं विकते.
शटर मिनिटभर खाली घेतेस का, म्हटलं,
तर आधी तिनं मला नीट न्याहाळलं,
मग भावाला हाक मारून गल्ल्यापाशी उभं केलं,
मग ओढलं.

अंधार. तिच्या फोनची बॅटरी.
करडा रंग, तीन हात तरी दिलेले.
खाली, जिथं पापुद्रा सुटलाय,
तांबूस वळण होतं एक.
सहाचं पोट असेल
किंवा गंज.

"काय शोधताय, काका?"

शटर वर गेलं. उजेडात तासगाव गाडी उभी,
कंडक्टर ओरडत होता.
नको असलेलं एक कव्हर घेतलं, पन्नास रुपये.
शहाजीला काय सांगायचं ते ठरेना.
दहा मिनिटं झाली होती.
माझं घड्याळ पुढं नाही,
तरी झाली होती.